फाटक बंद असल्याची खात्री

रेल्वेमार्ग आणि सडक ज्या ठिकाणी एकाच पातळीवर एकमेकांना छेदतात, त्या जागेला रेल्वेच्या परिभाषेत समपार म्हणतात. तिथले सगळे नियम एका साध्या वस्तुस्थितीवर उभे आहेत: सडकेवरचे वाहन थोडक्या अंतरात थांबू शकते, आगगाडी थांबू शकत नाही. ताशी ११० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला तीस मीटरांहून अधिक अंतर कापते, आणि पोलादी रुळावरून पोलादी चाक सहज घरंगळत असल्याने, म्हणजे ज्या गुणामुळे रेल्वेची वाहतूक स्वस्त पडते त्याच गुणामुळे, ब्रेक लावल्यानंतरही ती बरीच लांब जाऊन थांबते. त्यामुळे वाट देण्याची जबाबदारी सडकेची ठरते. मात्र सडकेने वाट दिली आहे हे गाडीला वेळेवर कसे कळावे, हा प्रश्न त्यातून सुटत नाही, आणि समपारावरचे जवळजवळ सगळे काम त्याच प्रश्नाभोवती फिरते.

कोणत्या समपारावर किती बंदोबस्त ठेवायचा हे एका गुणाकाराने ठरते. चोवीस तासांत तिथून जाणाऱ्या रेल्वेगाड्यांच्या संख्येला सडकेवरच्या वाहनांच्या संख्येने गुणले की येणाऱ्या आकड्याला टीव्हीयू, म्हणजे गाडी-वाहन एकक, असे म्हणतात. मोटार किंवा बैलगाडी पूर्ण एक धरली जाते, तर सायकलरिक्षासारख्या वाहनाला अर्धे वजन मिळते. चाळीस गाड्या आणि पाचशे वाहने असतील तर वीस हजार एकके होतात. या आकड्यावरून समपाराचा वर्ग ठरतो, आणि तो एक लाखावर गेला की फाटकाऐवजी उड्डाणपूल बांधणे रास्त मानले जाते. हिशेब सोयीचा असला तरी ऊसगाळपाच्या हंगामातला दिवस आणि आषाढातला दिवस यांच्यातला फरक असल्या सरासरीत बुडून जातो, ही त्याची उणीव लपत नाही.

मराठवाड्यातील एखाद्या एकेरी मार्गावरचे, इंटरलॉकिंग नसलेले फाटक पाहिले तर या कामाचे मूळ रूप दिसते. रुळांच्या कडेला गेटमनची गुमटी असते. तिच्यात जवळच्या स्थानकाशी जोडलेला दूरध्वनी, नोंदवही, लाल व हिरवी निशाणे, रात्रीसाठी हातदिवा, डिटोनेटरचा डबा आणि कुलपासह साखळी एवढी सामग्री हाताशी ठेवलेली असते. गाडी सोडण्यापूर्वी स्टेशन मास्तर दूरध्वनीवरून गेटमनला गाडीचा क्रमांक आणि दिशा कळवतो; गेटमन बाहेर येऊन चरकाचे हँडल फिरवतो, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे दांडे दोन्ही बाजूंनी खाली येतात, तो त्यांना कुलूप घालतो आणि परत येऊन स्टेशन मास्तरला एक ‘प्रायव्हेट नंबर’ देतो. हा दोन अंकी आकडा असतो; छापील तक्त्यावर असे आकडे क्रम न पाळता दिलेले असतात, आणि एकदा वापरलेला आकडा खोडून टाकायचा असतो. तोच आकडा गाडीच्या क्रमांकासह आणि वेळेसह दोन्ही ठिकाणच्या नोंदवह्यांत लिहिला जातो. आकडा आधी ठाऊक नसल्याने स्टेशन मास्तरला तो मनाने भरता येत नाही, त्यामुळे पुढे वाद उद्भवल्यास दोन नोंदी ताडून पाहता येतात.

या पद्धतीची मर्यादा मात्र तिच्या रचनेतच आहे. प्रायव्हेट नंबरातून दोन माणसांमध्ये बोलणे झाले एवढेच सिद्ध होते. दांडा खरोखर खाली आला आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. पहाटेच्या झोपेत असलेला, घाईत असलेला किंवा ‘अजून दोन गाड्या जाऊ द्या’ असे ओरडणाऱ्या लोकांच्या दबावाखाली आलेला माणूस आधी आकडा देऊन मग हँडलकडे जाऊ शकतो, आणि स्थानकात बसलेल्याला ते कळण्याचा काहीही मार्ग नसतो.

इंटरलॉकिंग म्हणजे हा विश्वास माणसाच्या शब्दावरून काढून यंत्रावर ठेवण्याची व्यवस्था. अशा फाटकावर दांडे पूर्ण खाली येऊन अडकल्याशिवाय कुलपाची चावी सुटत नाही, सुटलेली चावी दुसऱ्या यंत्रात घालून फिरवल्याशिवाय गाडीसाठीचा सिग्नल उतरवता येत नाही, आणि एकदा सिग्नल दिल्यावर ती चावी यंत्रात अडकून राहते, त्यामुळे गाडी निघून जाईपर्यंत, कोणी कितीही हुज्जत घातली तरी, गेटमनला फाटक उघडता येत नाही. या शेवटच्या तरतुदीचे मोल गेटमन अधिक जाणतो, कारण ती त्याला गर्दीपासूनही वाचवते. दिलेला सिग्नल मागे घेतला तरी चावी लगेच सुटत नाही. मध्ये ठरावीक वेळ जाऊ द्यावा लागतो, कारण तोवर गाडी सिग्नल ओलांडून पुढे आलेली असू शकते.

बिघाड झालाच तर तो गाडी थांबण्याच्या बाजूने व्हावा, असे या रचनेचे सूत्र आहे. ट्रकच्या धडकेने दांडा मोडला, की फाटक बंद असल्याचा पुरावा यंत्राला मिळत नाही आणि सिग्नल लालच राहतो. फाटकाच्या सिग्नलच्या खांबावर ‘जी’ अक्षराची पिवळी चकती असते. ती पाहून लोको पायलट ओळखतो की हा सिग्नल स्थानकाचा नसून फाटकाचा आहे. तो शिटी वाजवून गाडी थांबवतो, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे वाट पाहतो, आणि तरीही सिग्नल मिळाला नाही तर अतिशय सावकाश फाटकापर्यंत गाडी नेतो. तिथे गेटमनने साखळी लावून सडक अडवलेली असेल आणि तो हातनिशाणाने गाडीला पुढे बोलावत असेल, तरच गाडी समपार ओलांडते. यंत्र हरले की कामाची सूत्रे पुन्हा साखळी, कुलूप आणि निशाण घेतलेल्या माणसाकडेच येतात, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्याची खरी कसोटी रुळांवर वाहन अडकते तेव्हा लागते. ऊस लादलेल्या ट्रॅक्टरची ट्रॉली ऐन मधोमध बंद पडली, तर गेटमनने आधी दूरध्वनीवरून स्थानकाला कळवायचे, समपारालगत लाल निशाण किंवा रात्री लाल दिवा लावायचा आणि मग डिटोनेटर घेऊन गाडी येण्याच्या दिशेने निघायचे. डिटोनेटर म्हणजे रुळाच्या माथ्यावर बसवायची स्फोटक डबी. तिच्यावरून चाक गेले की मोठा आवाज होतो आणि पुढे धोका असल्याचे लोको पायलटला कळते. ब्रॉडगेज मार्गावर फाटकापासून ६०० मीटरांवर एक आणि १२०० मीटरांवर, दहा-दहा मीटरांच्या अंतराने, तीन डिटोनेटर लावण्याचा नियम आहे. दुहेरी मार्ग असेल तर ज्या रुळावर गाडी आधी अपेक्षित आहे तो आधी सांभाळायचा. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी हे १२०० मीटर चाळीस सेकंदांच्या आत कापते, तर खडीवरून हातात लाल निशाण फडकवत पळणाऱ्या माणसाला तेवढ्याच अंतरासाठी सात-आठ मिनिटे सहज लागतात. त्यामुळे या नियमाचा उपयोग गाडी अजून दूर असेल तरच होतो. ती आधीच्या स्थानकातून सुटलेली असेल तर सारी भिस्त दूरध्वनीवर आणि गेटमनच्या प्रसंगावधानावर राहते.

नेहमीच्या दिवशी गेटमनचे काम याहून बरेच शांत पण तितकेच बारकाईचे असते. रुळाच्या आतल्या अंगाला बसवलेल्या चेक रेलमुळे चाकाच्या कडेसाठी एक खाच राखली जाते. तिची रुंदी ५१ ते ५७ मिलिमीटर आणि खोली किमान ३८ मिलिमीटर असावी लागते. सडकेवरून येणारी खडी, चिखल आणि उसाचा पाचोळा नेमका त्याच खाचेत दाबला जातो, आणि घट्ट बसलेल्या खडीवर चाकाची कडा चढली तर डबा रुळावरून घसरू शकतो, म्हणून गेटमन लोखंडी सळईने ती खाच वरचेवर उकरून साफ करतो. गाडी जात असताना गुमटीत बसून राहायला त्याला परवानगी नाही. निशाणे हातात धरून त्याने गाडीकडे तोंड करून उभे राहायचे. तापलेला आस, लोंबणारा भाग किंवा सुटलेला माल दिसला तर लाल निशाण दाखवायचे, आणि शेवटच्या डब्यावरची खूण पाहून गाडी पूर्ण गेल्याची खात्री करायची, कारण मागे तुटून राहिलेला डबा उघड्या फाटकात घुसू शकतो. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर सडकेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कमान उभारलेली असते. समपारावर २५ हजार व्होल्टची तार किमान साडेपाच मीटर उंचीवर असते आणि कमान त्याहून खाली; कडब्याची किंवा कापसाची शीग लावलेली गाडी कमानीला घासली तर ती तिथूनच माघारी वळवायची असते.

सगळ्यात अवघड भाग सडकेवरचा आहे, आणि नियमपुस्तकात त्याला फारशी जागा मिळालेली नाही. फाटक पडले की वाहने आपल्या डाव्या बाजूला एकामागे एक थांबत नाहीत. दुचाक्या पुढे सरकत उजवी बाजूही व्यापतात, मागून जीप आणि टेम्पो येतात, आणि पलीकडेही तेच घडते. दांडे वर जाताच संपूर्ण रुंदी भरलेले दोन जमाव समोरासमोर येतात आणि नेमके रुळांवरच एकमेकांत अडकतात. पुढच्या गाडीची सूचना आली तरी मधली जागा मोकळी झाल्याखेरीज गेटमनला दांडे खाली आणता येत नाहीत, तोवर गाडी लाल सिग्नलपाशी थांबते, आणि मग फाटक वाजवीपेक्षा जास्त वेळ बंद राहिल्याबद्दल तेच लोक गेटमनलाच बोल लावतात. मध्य रेल्वेच्या दिवा स्थानकालगतच्या फाटकामुळे उपनगरी गाड्यांचे वेळापत्रक वर्षानुवर्षे कोलमडत आले, त्यामागचे गणितही याहून फार वेगळे नाही. बंद फाटक बेकायदा उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आणि ते तोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६० मध्ये आहे. पण उजव्या बाजूला घुसलेल्या दुचाकीला जागेवर दंड करण्याचा अधिकार गेटमनला नाही, आणि चार फूट सरकून उभे राहा असे सांगण्यासाठी तिथे वाहतूक पोलीसही क्वचितच असतो.

बिनपहाऱ्याच्या समपारावर हा सारा भार वाहनचालकावरच होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३१ नुसार चालकाने वाहन थांबवायचे, वाहक, क्लीनर किंवा सोबत्याने खाली उतरून रुळांपर्यंत चालत जायचे, दोन्ही बाजू पाहून मग वाहनाला पुढे घ्यायचे, आणि सोबत कोणीच नसेल तर चालकाने स्वतः उतरायचे. २०१४ मध्ये तेलंगणातील मासायपेट येथे नांदेड–सिकंदराबाद पॅसेंजरने शाळेच्या बसला दिलेली धडक आणि २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगरचा अपघात, दोन्ही अशाच समपारांवर घडले. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने २०१२ मध्येच, पहाऱ्याचे असोत वा बिनपहाऱ्याचे, सगळे समपार पाच वर्षांत काढून टाकण्याची शिफारस केली होती. ब्रॉडगेजवरचे बिनपहाऱ्याचे समपार जानेवारी २०१९ पर्यंत संपले. पहाऱ्याचे समपार मात्र आजही हजारोंनी आहेत. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील कडलूरजवळ शाळेच्या व्हॅनला गाडीची धडक बसून तीन विद्यार्थी दगावले, ते फाटक पहाऱ्याचे होते, पण त्याला इंटरलॉकिंग नव्हते. त्यानंतर इंटरलॉकिंगसाठीची मर्यादा वीस हजार एककांवरून दहा हजारांवर आणण्यात आली.

समपार काढताना जिथे पूल परवडत नाही तिथे रुळांखालून कमी उंचीचा भुयारी मार्ग केला जातो. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत असे मार्ग पावसाळ्यात गुडघाभर पाण्याने भरतात, पंप बसवला तरी वीज गेली की तोही बंद पडतो, आणि भरल्या शिगेची गाडी त्यातून कोरड्या दिवसांतही जात नाही. गाडीवाल्याला मग काही किलोमीटरांचा वळसा पडतो. पायी जाणारा आणि सायकलवाला मात्र सायकल खांद्यावर घेऊन जुन्या फाटकाच्या जागेवरूनच रूळ ओलांडतो. तो रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खालचा अनधिकृत प्रवेश ठरतो, आणि तिथे कोणी गाडीखाली सापडले तर त्याची गणना समपारावरच्या अपघातांत होत नाही.