आतड्याचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी घ्यावी का?

प्रतिनिधी

मोठ्या आतड्याचा कर्करोग वेळीच लक्षात आला, शस्त्रक्रियेने गाठ पूर्णपणे निघाली, तरी रुग्णापुढचे प्रश्न संपत नाहीत. पॅथॉलॉजीचा अहवाल आल्यावर ‘केमोथेरपी घ्यायची की नाही, हे आपण मिळून ठरवू,’ असे कर्करोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा अनेक कुटुंबे गोंधळून जातात. डॉक्टरांना खात्री नाही की ते जबाबदारी टाळत आहेत, अशी शंका येते. वस्तुत: या आजाराच्या दुसऱ्या टप्प्यात सर्वांना सारखेच लागू पडेल असे उत्तर वैद्यकशास्त्रापाशीही नाही.

टप्पा कोणता?

गाठ आतड्याच्या भिंतीच्या आतील थरांपुरती मर्यादित असेल तर तो पहिला टप्पा. येथे शस्त्रक्रिया पुरेशी असते, केमोथेरपी दिली जात नाही. आजार लसिकाग्रंथींपर्यंत, म्हणजे ज्यांना डॉक्टर ‘लिम्फ नोड’ म्हणतात तेथवर पोहोचला असेल तर तो तिसरा टप्पा. तेथे केमोथेरपीचा लाभ निर्विवाद असून, प्रकृती साथ देत असेल तर ती घ्यावी असाच सल्ला दिला जातो. गाठ भिंतीच्या स्नायूंपलीकडे गेली, पण लसिकाग्रंथी स्वच्छ आहेत, हा दुसरा टप्पा. खरा पेच येथेच आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीच काही कर्कपेशी निसटून यकृतात वा फुप्फुसात दडलेल्या असू शकतात. स्कॅनमध्ये त्या दिसत नाहीत. त्यांचा नाश करणे हा या केमोथेरपीचा हेतू असतो. मात्र, दुसऱ्या टप्प्यातील बहुसंख्य रुग्णांच्या शरीरात अशा पेशी उरलेल्याच नसतात.

शंभरातील तीन-चार

या प्रश्नावरील ‘क्वासार’ हा मोठा अभ्यास 2007 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचे 3,239 रुग्ण त्यात होते आणि त्यातील बहुतेक दुसऱ्या टप्प्यातील होते. केमोथेरपी घेतलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका 18 टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा ऐकताना मोठा वाटतो. पण केमोथेरपी न घेता पाच वर्षांत शंभरापैकी 20 रुग्ण दगावतात असे धरले, तर केमोथेरपीने त्यातील तीन-चार वाचतात. उरलेले सोळा-सतरा औषध घेऊनही वाचत नाहीत आणि 80 जण औषधाविनाही जगतात. दोन्ही आकडे खरेच. परंतु निर्णय घेताना उपयोगी पडतो तो दुसरा.

अहवालात काय पाहावे?

सर्वांचा धोका सारखा नसतो. गाठ आतड्याचे बाह्य आवरण भेदून गेली असेल किंवा शेजारच्या अवयवाला चिकटली असेल, आतडे बंद पडल्याने वा फुटल्याने तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली असेल, रक्तवाहिन्यांत वा मज्जातंतूंभोवती कर्कपेशी आढळल्या असतील, तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. तपासलेल्या लसिकाग्रंथींची संख्याही महत्त्वाची. ती बारापेक्षा कमी असेल, तर ‘ग्रंथी स्वच्छ आहेत’ या निष्कर्षावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. अशा रुग्णांच्या बाबतीत पारडे केमोथेरपीकडे झुकते.

याउलट काढलेल्या गाठीवरील ‘एमएमआर’ चाचणीत दोष आढळला, म्हणजे पेशींची डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असेल, तर दुसऱ्या टप्प्यात ते बहुधा शुभचिन्हच ठरते. अशा गाठी उलटण्याची शक्यता कमी असते आणि एकट्या फ्लुरोयुरॅसिल गटातील औषधाचा त्यांवर लाभ दिसत नाही. म्हणून ही चाचणी झाल्याशिवाय निर्णय घेऊ नये. हा दोष काही घराण्यांत आनुवंशिक असतो; तसा संशय असल्यास भावंडांची व मुलांची तपासणीही आवश्यक ठरते.

औषधाची किंमत

दुसऱ्या टप्प्यात सहसा फ्लुरोयुरॅसिल सलाइनमधून किंवा कॅपेसिटाबिन गोळ्यांच्या रूपात सुमारे सहा महिने दिले जाते. जुलाब, तोंड येणे, थकवा, तळहात-तळपाय सोलवटणे, रक्तातील पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्ग होणे हे त्याचे त्रास. ऑक्झॅलिप्लॅटिनची जोड दिल्यास हातापायांना मुंग्या येतात आणि काहींच्या बाबतीत हा बधिरपणा वर्षानुवर्षे राहतो. तिसऱ्या टप्प्यात ही किंमत मोजणे योग्य ठरते. दुसऱ्या टप्प्यात मात्र या जोडीने आयुर्मान वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. वय, हृदयविकार, मधुमेहामुळे आधीच आलेला बधिरपणा या बाबीही तोलाव्या लागतात.

रक्तातील खुणा

गाठीच्या डीएनएचे अंश शस्त्रक्रियेनंतरही रक्तात उरले आहेत का, हे आता तपासता येते. ऑस्ट्रेलियातील ‘डायनॅमिक’ या 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुसऱ्या टप्प्यातील 455 रुग्ण होते. या चाचणीच्या आधारे निर्णय घेतलेल्या गटात 15 टक्के रुग्णांना केमोथेरपी दिली गेली, तर नेहमीच्या पद्धतीने 28 टक्क्यांना. तरीही दोन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे, म्हणजे अनुक्रमे 93.5 व 92.4 टक्के होते. चाचणी खर्चिक आहे आणि सर्वत्र उपलब्ध नाही.

निर्णय कोणाचा?

आपल्याकडे असा निर्णय पुष्कळदा मुले घेतात आणि रुग्णाला आजाराचे नावही सांगितले जात नाही. पण शंभरातील तीन-चारांच्या लाभासाठी सहा महिन्यांचा त्रास सोसायचा का, याचे उत्तर ज्याला तो सोसायचा आहे त्यानेच द्यायला हवे. एखाद्याला तेवढी शक्यताही सोडवत नाही, तर दुसऱ्याला ते सहा महिने घरच्यांत स्वस्थ घालवावेसे वाटतात. दोन्ही निर्णय शहाणपणाचे असू शकतात. ‘माझ्यासारख्या शंभर रुग्णांत औषधाविना किती जणांचा आजार उलटतो आणि औषधाने त्यात किती फरक पडतो?’ हे डॉक्टरांना नि:संकोच विचारावे. केमोथेरपी साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवड्यांत सुरू करायची असल्याने दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यासही अवधी असतो.

केमोथेरपी नाकारणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे. ठरावीक काळाने रक्तातील ‘सीईए’ची तपासणी, सीटी स्कॅन आणि साधारण वर्षभराने कोलोनोस्कोपी हा क्रम पाच वर्षे सांभाळावाच लागतो. आजार उलटलाच, तर तो लवकर सापडण्याची आणि पुन्हा शस्त्रक्रियेने काढता येण्याची आशा त्यावरच अवलंबून असते.