पत्र्यावरचे आकडे, सीटखालचा कागद

१९६० च्या दशकात अमेरिकेत मोटार घेणारा माणूस पुष्कळदा शोरूममधली तयार गाडी न उचलता यादीवर खुणा करून गाडी मागवत असे. इंजिन कोणते, गिअर तीन की चार, मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर किती, रेडिओ हवा का, छतावर व्हिनाइल हवे का, बॉनेटवर पट्टे हवेत का. प्रत्येक गोष्टीची किंमत वेगळी आणि प्रत्येकीला कारखान्याचा सांकेतिक क्रमांक. मुंबईकर त्याच सुमारास फियाटसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसत होता आणि मिळेल ती गाडी गोड मानून घेत होता. त्यामुळे ही चैन आपल्याला जरा परकीच वाटते. पण तिचा परिणाम असा झाला, की एकाच मॉडेलच्या, दिसायला जुळ्या अशा दोन गाड्या आतून अगदी निराळ्या असू शकतात, आणि आज त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून जुन्या गाड्यांच्या बाजारात पहिला प्रश्न असतो तो हा : कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा हिच्यात नेमके काय काय होते?

याचे उत्तर गाडीवरच्या पत्र्यांवर असते, गाडीत दडून राहिलेल्या किंवा गाडीबरोबर आलेल्या कागदांत असते, आणि नशीब चांगले असेल तर कंपनीच्या दप्तरात. यातले काहीही संग्राहकांसाठी केलेले नव्हते. ते होते लाइनवरच्या कामगारांसाठी, हिशेबनिसांसाठी, वॉरंटीच्या कारकुनांसाठी. ज्याला जेवढे कळणे गरजेचे, तेवढेच त्याच्या पट्टीवर लिहिलेले असे. हे एकदा ध्यानात आले की एखादी माहिती एका कंपनीच्या गाडीवर सहज सापडते आणि दुसरीच्या गाडीवर का सापडत नाही, याचा उलगडा होऊ लागतो.

सुरुवात चॅसी नंबरापासून करायची. अमेरिकेत सतरा अक्षरांचा एकसारखा नंबर १९८१ च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. फोर्डची सर्वांत उदार. १९६९ च्या मस्टँगचा नंबर ‘९एफ०२झेड’ असा सुरू होत असेल, तर नऊ म्हणजे १९६९, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०२ म्हणजे फास्टबॅक बॉडी आणि झेड म्हणजे बॉस ४२९ हे इंजिन. शेवटच्या त्या एका अक्षरावर लाखोंची उलाढाल होते. क्रायस्लरनेही १९६६ पासून नंबरातले पाचवे अक्षर इंजिनासाठी राखले. तिथे आर हे अक्षर १९७० च्या बाराकुडावर दिसले तर गाडी ४२६ घनइंची हेमी इंजिनाची. शेव्हरोले मात्र १९७२ चे मॉडेल येईपर्यंत याबाबतीत गप्प राहिली. १९६९ च्या कॅमारोचा ‘१२४३७९एन’ एवढेच सांगतो : शेव्हरोले, आठ सिलिंडरची कॅमारो, कूपे बॉडी, १९६९ साल, ओहायोतला नॉरवुड कारखाना. आठ सिलिंडरची कोणती, ते नाही.

आणि नेमका तिथेच सगळा पैसा आहे. कॅमारोच्या झेड/२८ या प्रकाराचे नाव म्हणजे मुळात शेव्हरोलेच्या ऑप्शनच्या यादीतला एक क्रमांक. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत इंजिनाला ३०५ घनइंचांची मर्यादा होती, तीत बसणारे ३०२ घनइंचांचे इंजिन या ऑप्शनबरोबर मिळे. कागदावरची ताकद २९० अश्वशक्ती. पण चॅसी नंबराच्या लेखी झेड/२८ आणि साधी आठ सिलिंडरची कॅमारो कूपे एकच. मग पुरावा शोधायचा कुठे?

बॉनेट उघडले की इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर एक छोटी पट्टी रिव्हेटने ठोकलेली दिसते. ती फिशर बॉडी या विभागाची; शेव्हरोलेप्रमाणे तोही जनरल मोटर्सचाच. फिशरचे लोक बॉडी बांधत, रंगवत आणि आतली सजावट बसवत. इंजिन नंतर शेव्हरोलेच्या लाइनवर चढे. म्हणून पट्टीवर रंगाचा क्रमांक आहे (७२ असेल तर हगर ऑरेंज), सीटच्या कापडाचा क्रमांक आहे, ‘०२बी’ म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा अशी तारीख आहे, पण इंजिनाचा उल्लेख नाही. फिशरच्या कामगाराला इंजिनाशी कर्तव्यच नव्हते. अपवाद नॉरवुडचा. १९६९ च्या मॉडेलचे पहिले काही महिने गेल्यावर तिथल्या पट्ट्यांवर एक्स आणि दोन आकडे असा संकेत येऊ लागला, कारण कोणत्या बॉडीवर कोणते पट्टे आणि कोणत्या कडा बसवायच्या हे फिशरला कळायला हवे होते. एक्स-३३ आणि एक्स-७७ हे झेड/२८ चे. पहिल्यात जादा सजावटीच्या कडा, दुसऱ्यात नाहीत. लॉस एंजलिसच्या कारखान्यातून आलेल्या गाडीवर हा संकेत नसतोच, त्यामुळे तो नाही म्हणून गाडी खोटी असे म्हणता येत नाही.

यानंतर पाळी इंजिनाची. उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट जागा असते. तिथे ‘व्ही०२११डीझेड’ असे ठोकलेले असले, तर इंजिन फ्लिंटला ११ फेब्रुवारी रोजी जुळवले, आणि डीझेड म्हणजे १९६९ चे झेड/२८ चे इंजिन. शेजारी चॅसी नंबराचा शेवटचा भाग पुन्हा ठोकलेला असतो. तो गाडीच्या नंबराशी जुळला तर इंजिन मूळचे. ब्लॉक ओतल्याची तारीख मागच्या बाजूला वेगळी उठवलेली असते, आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या नळीवरही संकेत आणि तारीख असते. सगळ्या तारखा क्रमाने यायला हव्यात : आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, मग गाडी. इंजिन गाडीनंतर तयार झालेले दिसले तर पुढे बोलायलाच नको.

तारखांइतकीच ऑप्शनची आपापसांतली संगतीही उपयोगी पडते. झेड/२८ बरोबर चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि पुढचे डिस्क ब्रेक सक्तीचे होते. ऑटोमॅटिक किंवा एअर कंडिशनर मिळत नसे. तेव्हा ‘मूळच्या एसीसह’ अशी जाहिरात केलेली १९६९ ची झेड/२८ एकतर झेड/२८ नाही, किंवा तिचा एसी मूळचा नाही.

क्रायस्लरच्या गाड्यांत हा सगळा शोध बराच सोपा. डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर एक छोटी पट्टी स्क्रूने बसवलेली असते आणि ती खालून वर वाचायची असते. खालच्या ओळीत ई-७४ म्हणजे हेमी, डी-२१ म्हणजे चार गिअर, मग चॅसी नंबर. वरच्या ओळींत रंग, छत, हवा घेणारे बॉनेट, रेडिओ, आणि जागा संपेपर्यंत बाकीचे ऑप्शन. एफसी-७ दिसला तर जांभळा रंग, व्ही-१एक्स दिसला तर काळ्या व्हिनाइलचे छत. शेवटी ‘एंड’ असा शब्द. एवढे तपशीलवार लिहिण्याचे कारण उघड आहे : ही पट्टी लाइनवरच्या माणसांनीच वाचायची होती. फोर्डच्या दारावरच्या पट्टीत विक्री-विभागाचा क्रमांक असतो, ७१ म्हणजे लॉस एंजलिस. आणि गिऱ्हाइकाने यादीबाहेरचा रंग मागितला असेल तर रंगाची जागा चक्क कोरी सोडलेली असते. कोऱ्या जागेलाही अर्थ असल्याचे हे बोलके उदाहरण.

पट्टी बदलता येते, म्हणून कागदाला मान अधिक. लाइनवर गाडीबरोबर फिरणारे बिल्ड शीट काम झाल्यावर कामगार कुठेही कोंबून देत : मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, पेट्रोलच्या टाकीवर, गालिच्याखाली. सापडले तर तेलकट, गंजाचे डाग पडलेले, उंदराने कुरतडलेलेही असते. पण त्यात प्रत्येक ऑप्शन चौकटीत नोंदलेला असतो. कधी दुसऱ्याच गाडीचे पत्रक चुकून या गाडीत निघते, म्हणून त्यावरचा नंबर आधी ताडून पाहायचा. शोरूममध्ये काचेवर चिकटवलेला किमतीचा तक्ता हा दुसरा कागद. सिनेटर माइक मनरोनी यांच्या प्रयत्नांनी १९५८ साली झालेल्या कायद्याने तो सक्तीचा केला. त्यात प्रत्येक ऑप्शन किमतीसह लिहिलेला असतो. जनरल मोटर्सच्या वॉरंटी पुस्तिकेला चिकटवलेली धातूची पातळ पट्टीही फार मोलाची. वॉरंटीचे काम निघाले की मेकॅनिक तिचा ठसा कागदावर उमटवी. तीत इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल यांचे संकेत उठवलेले असत.

कंपनीचे दप्तर टिकले असेल तर सगळे काम निम्मे होते. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांच्या नोंदी अ‍ॅरिझोनातल्या मार्टी ऑटो वर्क्सकडे आहेत आणि चॅसी नंबर दिला की ते पैसे घेऊन अहवाल पाठवतात. १९६५-६६ च्या मस्टँगला तो आधार नाही. पाँटियाकच्या १९६१ पासूनच्या बिलांच्या नकला मायक्रोफिल्मवर सुरक्षित आहेत. कॅमारोच्या मालकांना मात्र गाडी कॅनडात विकली गेली असेल तरच आशा, कारण जनरल मोटर्सच्या कॅनडा शाखेने आपल्या नोंदी जपल्या. ब्रिटनमध्ये गेडनच्या मोटर म्युझियमकडे एमजी आणि ऑस्टिन-हीलीच्या कारखान्यांची खाते-पुस्तके आहेत. मर्सिडीजचे डेटा कार्ड तर प्रत्येक ऑप्शनचा क्रमांक देते.

जिथे पैसा तिथे लबाडी. पट्ट्या, स्टिकर, बिल्ड शीट या सगळ्यांच्या नकला बाजारात मिळतात. अशा वेळी तज्ज्ञ आकड्यांपेक्षा आकड्यांखालचा धातू पाहतात. कारखान्यात ब्लॉकचा वरचा भाग तासताना ओळीने बारीक समांतर रेघा उठत. जुना नंबर घासून नवा ठोकला की त्या रेघा नाहीशा होतात. चॅसी नंबराच्या पट्टीचे रिव्हेट फुलाच्या आकाराचे असतात. तिथे साधा गोल रिव्हेट दिसला की संशय घ्यावा. अमेरिकेत ही पट्टी काढणे किंवा तिच्यात फेरफार करणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

आणखी एक गुंता डीलरचा. पेन्सिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचे डीलर डॉन येन्को १९६७ साली कॅमारोत ४२७ घनइंचांचे इंजिन स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बसवत, कारण जनरल मोटर्स तेव्हा एवढ्या लहान गाडीत ४०० घनइंचांपुढचे इंजिन देत नसे. १९६९ मध्ये मुख्य कार्यालयाच्या ९५६१ या खास ऑर्डरवर ते इंजिन कारखान्यातूनच येऊ लागले. म्हणून १९६७ च्या येन्को कॅमारोच्या बिल्ड शीटवर ४२७ नसणेच बरोबर, तर १९६९ च्या गाडीच्या पत्रकात ९५६१ असायला हवे. पहिल्या गाडीचा पुरावा येन्कोंच्या बिलबुकात शोधावा लागतो, दुसरीचा शेव्हरोलेच्या कागदांत.