देणगी, कर्ज आणि हिस्सा : स्टार्टअपच्या पैशाविषयीचे काही गैरसमज

हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाला कुणी दहा हजार रुपये दिले, तर त्याला पावती मिळते. दवाखान्याच्या खाटेत, शाळेच्या वर्गात किंवा प्राण्यांच्या अनाथालयात त्याचा हिस्सा तयार होत नाही. दहा वर्षांनी येऊन ‘माझ्या दहा हजारांचे आता किती झाले?’ असे तो विचारू शकत नाही, आणि विचारतही नाही. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्या जंगलात हे काम सुरू केले. त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे तिथे कायमचे राहायला गेले. तेव्हापासून प्रकल्प वाढला तो मुख्यतः अशा, परत न मागितल्या जाणाऱ्या पैशावर.

हेमलकशाच्या कामाला ‘सामाजिक स्टार्टअप’ म्हणणारे लोक हल्ली भेटतात. म्हणणाऱ्याच्या मनात आदरच असतो. पण त्यातून पैशाच्या तीन वेगळ्या जातींची सरमिसळ होते. देणगी परत करायची नसते. कर्ज व्याजासकट परत करायचे असते, मग धंदा चालो वा बुडो. गुंतवणूकदाराचा पैसा धंदा बुडाला तर सहसा परत करावा लागत नाही, मात्र त्याच्या बदल्यात कंपनीचा हिस्सा, आणि हिस्स्याबरोबर निर्णयातला वाटा, कायमचा हातातून जातो. भामरागड, एटापल्ली, अहेरीकडच्या मुलामुलींच्या मोबाइलवर आज कोट्यवधींच्या ‘फंडिंग’च्या बातम्या पोचतात. त्या बातम्यांत हा फरक कुणी सांगत नाही.

बातमी असते ती अशी : अमुक कंपनीला पन्नास कोटी मिळाले. ऐकणाऱ्याला वाटते, कंपनीने पन्नास कोटी कमावले. प्रत्यक्षात तिने आपला एक तुकडा विकलेला असतो. नफा अजून शून्य असू शकतो, तोटा वाढताही असू शकतो. गुंतवणूक मिळाली म्हणजे कुणीतरी पैज लावली, इतकाच त्याचा अर्थ. आणि या पैजा लावणाऱ्यांना स्वतःलाच ठाऊक असते की त्यातल्या बहुतेक हरणार आहेत. अमेरिकेतल्या कोरिलेशन व्हेंचर्स या संस्थेने २००४ ते २०१३ या काळातल्या एकवीस हजारांहून अधिक गुंतवणुकी तपासल्या. सुमारे ६५ टक्क्यांत घातलेले मुद्दलही पूर्ण परत आले नाही. दहापट किंवा त्याहून जास्त परतावा मिळाला तो फक्त ४ टक्क्यांच्या आसपास. अशा पैजा लावणाऱ्या फंडाचा सगळा हिशेब या थोड्यांवर चालतो. म्हणूनच वर्षाला वीस लाख सचोटीने कमावणाऱ्या, हळूहळू वाढणाऱ्या धंद्यात त्याला रस नसतो. त्या धंद्यात खोट काहीच नसते, फक्त तो या पैशाच्या जातीचा नसतो. फंडाची मुदतही साधारण दहा वर्षांची असते. तेवढ्यात कुणाला तरी विकून किंवा शेअर बाजारात नेऊन त्याला बाहेर पडायचे असते.

दुसरा गैरसमज याहून गोड आहे : कंपनीचे मूल्य दहा कोटी ठरले आणि संस्थापकाचा हिस्सा नव्वद टक्के असला, की तो नऊ कोटींचा धनी. कागदावर हे खरे आहे. पण त्या शेअरना बाजारात गिऱ्हाईक नसते, आणि घरी जातो तो फक्त महिन्याचा पगार. त्यात करारातले एक कलम फार कमी लोक वाचतात. गुंतवणूकदाराने घातलेले पैसे विक्रीच्या वेळी सर्वांत आधी परत मिळतील, असे ते कलम म्हणते. समजा, गुंतवणूकदारांनी वेगवेगळ्या वेळी मिळून वीस कोटी घातले आणि त्यांचा हिस्सा चाळीस टक्के झाला. पुढे कंपनी पंचवीस कोटींना विकली गेली. शाळेतल्या टक्केवारीने संस्थापक आणि कर्मचारी यांना साठ टक्के, म्हणजे पंधरा कोटी मिळायला हवेत. कलम लावले की आधी वीस कोटी गुंतवणूकदारांचे. उरतात पाच. आठ-दहा वर्षांच्या कष्टानंतर त्या पाच कोटींत सगळ्यांनी वाटून घ्यायचे. विक्रीच्या बातमीत मात्र पंचवीसचाच आकडा छापून येतो.

संस्थापकाचे जे चित्र लोकांच्या मनात असते तेही बदलायला हवे. कॉलेज सोडलेला विशीतला मुलगा, रात्रंदिवस संगणकापुढे, घरदार विसरलेला. अशी माणसे आहेत, पण नियम तो नव्हे. पिएर अझूले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या नोंदींवरून हिशेब केला, तेव्हा सर्वांत वेगाने वाढलेल्या हजारात एक कंपन्यांच्या संस्थापकांचे सरासरी वय कंपनी काढताना ४५ निघाले. आणि बाहेरचा पैसा किती उशिरा येऊ शकतो, यासाठी पुण्यातली दोन उदाहरणे पाहावीत. पर्सिस्टंट सिस्टिम्सचे आनंद देशपांडे आयआयटी खरगपूरनंतर अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातून १९८९ साली संगणकशास्त्रात पीएच.डी. झाले आणि १९९० मध्ये पुण्यात येऊन त्यांनी कंपनी काढली. बाहेरची गुंतवणूक, इंटेलची, आली ती २००० मध्ये. शेअर बाजारात कंपनी उतरली २०१० मध्ये. काढल्यापासून वीस वर्षांनी.

कैलास काटकर यांची वाट अगदी उलटी. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे हे कुटुंब पुण्यात आलेले. दहावीनंतर कैलास यांचे शिक्षण थांबले आणि महिना चारशे रुपयांवर ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे पंधरा हजारांच्या भांडवलावर स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. दुरुस्तीला संगणकही येऊ लागले, तसे त्यांच्या लक्षात आले की बिघाड बऱ्याचदा यंत्रात नसतो, व्हायरसमध्ये असतो. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणक शिकत होता. दुकानाच्या मिळकतीवर त्याचे शिक्षण चालले आणि त्याने लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर पुढे दुकान चालले. त्यातून १९९०च्या दशकाच्या मध्यावर क्विक हील उभे राहिले. सिकोया कॅपिटल या फंडाचे साठ कोटी रुपये आले २०१० साली, म्हणजे उत्पादन बाजारात रुजून साधारण पंधरा वर्षे झाल्यावर. २०१६ मध्ये कंपनीचा शेअर ३२१ रुपयांना लोकांना विकला गेला आणि पहिल्याच दिवशी भाव त्याखाली गेला. कंपनी मोडली नाही, चालतच राहिली. बाजारातला त्या दिवसाचा भाव आणि धंद्याची तब्येत या दोन गोष्टी वेगळ्या, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

दोन्ही कथांत घर आहे. काटकरांच्या कथेत दोन भाऊ आणि एक दुकान. देशपांड्यांच्या कथेत वडील एस. पी. देशपांडे, जे सुरुवातीच्या काळापासून कंपनीच्या कामात होते. पहिला गुंतवणूकदार बहुधा घरातलाच असतो. तो करारपत्र करत नाही, म्हणून त्याचा आकडा कुठे नोंदला जात नाही. नोकरी करून घरखर्च चालवणारी बायको, गहाण ठेवलेले दागिने, शेताचा विकलेला तुकडा, बहिणीचे लांबवलेले लग्न : हे सगळे भांडवलच आहे. ते आटले, की कंपनीच्या आधी घर मोडते. यशस्वी माणसाने घरावर पाणी सोडलेच पाहिजे, हा समज तंत्रज्ञान-उद्योजकांच्या कहाण्यांनी जोपासला आहे. तो घातक आहे असे ठासून सांगायला हवे.

इथे हेमलकसा खरोखर कामाला येते. आमटे दांपत्याने संसार बाजूला ठेवून काम केले नाही. त्यांनी संसार कामाच्या जागी नेला. दोघेही डॉक्टर. मंदाकिनीताई भूलतज्ज्ञ, म्हणजे शस्त्रक्रिया त्यांच्याशिवाय होणे कठीण. त्यांची मुले माडिया आदिवासी मुलांबरोबर प्रकल्पाच्याच आश्रमशाळेत शिकली, जी १९७६ मध्ये सुरू झाली. पुढे दिगंत आणि अनिकेत दोघेही याच कामात उतरले. २००८चा मॅगसेसे पुरस्कार प्रकाशभाऊ आणि मंदाकिनीताई दोघांना मिळून दिला गेला, आणि ते योग्यच झाले. सगळ्यांना हे जमेल असे नाही, जमावे अशी अपेक्षाही करू नये. पण ‘एकटा वेडा माणूस’ ही कथा इथेसुद्धा खरी नाही.

मनाच्या आजाराचे काय? हिंमतवान माणसाला नैराश्य येत नाही, असे म्हणणारे अजून आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ मायकेल फ्रीमन यांनी २०१५ मध्ये २४२ उद्योजकांची पाहणी केली. ३० टक्क्यांनी नैराश्याचा अनुभव नोंदवला. तुलनेसाठी घेतलेल्या गटात ते प्रमाण १५ टक्के होते. पाहणी लहान आहे, माणसांनी स्वतः सांगितलेल्या माहितीवर उभी आहे, त्यामुळे तिचा आकडा भारताला जसाच्या तसा लावू नये. तरी दिशा कळते. भारतात सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक दुकानाच्या भिंतीवर बँकेच्या क्रमांकाशेजारी लिहून ठेवावा.

आता जागेचा प्रश्न. बंगळूर-पुण्याबाहेर तंत्रज्ञानाची कंपनी होऊच शकत नाही, हा एक समज. इंटरनेट आहे तिथे कुठेही होते, हा दुसरा. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचे श्रीधर वेम्बू यांचे उदाहरण दुसऱ्या बाजूने नेहमी दिले जाते. बाहेरच्या फंडाचा पैसा न घेता त्यांनी कंपनी वाढवली आणि ते तमिळनाडूतल्या तेन्काशी जिल्ह्यात एका खेड्यात राहायला गेले. हे खरे आहे. पण कंपनी १९९६ पासूनची, आणि ते खेड्यात गेले ते ती मोठी झाल्यावर. भामरागड पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीच्या संगमावर वसले आहे. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की तालुक्याचा आलापल्लीशी संपर्क तुटतो. माल, माणूस, डॉक्टर, सगळे अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे. वीज आणि मोबाइलचे जाळेही अशा दिवसांत दगा देते. ज्याला इथे राहून काही उभे करायचे आहे त्याने पावसाळ्याचे महिने धंद्याच्या हिशेबात आधीच धरायला हवेत. त्याला उत्साहाची भाषणे ऐकवण्यापेक्षा हे सांगणे जास्त मायेचे आहे.

शिवाय इथल्या कित्येक धंद्यांना फंडाचा पैसा लागतच नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. तिथे मालक ग्रामसभा आहे. तिच्या जंगलाचा दहा टक्के हिस्सा विकून दहा वर्षांत बाहेर पडणारा भागीदार आणणे शक्य नाही आणि आणूही नये. शेतकरी उत्पादक कंपनीचेही तसेच : तिचे सभासद उत्पादकच असतात, बाहेरचा फंड तिचे शेअर घेऊ शकत नाही. मोहफूल, बांबू, मध, तांदूळ यांवर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या उद्योगाला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम बरा पडतो. उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा पन्नास लाख, आणि ग्रामीण भागातल्या अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला ३५ टक्के अनुदान, स्वतःचे भांडवल फक्त ५ टक्के. बाकीचे बँकेचे कर्ज असते आणि ते फेडावेच लागते. खरोखर नवे तंत्र असेल तर गोष्ट वेगळी. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात इन्क्युबेशन केंद्र आहे. पहिला नमुना बनवायला आणि सल्ला मागायला मुंबईच्या आधी तिथे जावे.

शेअर हा शब्द गडचिरोलीत अलीकडे घराघरांत पोचला तो एका वेगळ्याच वाटेने. सुरजागडच्या लोहखनिज खाणीमागच्या लॉइड्स मेटल्स कंपनीने आपल्या स्थानिक कामगारांना शेअर दिले. १ जानेवारी २०२५ रोजी कोनसरीला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत त्याचा कार्यक्रम झाला. खाणीवरून जिल्ह्यात तीव्र मतभेद आहेत आणि शेअर वाटल्याने ते मिटत नाहीत. पण शेअर म्हणून पाहिले तर ही कंपनी बाजारात नोंदलेली आहे. तिचा रोजचा भाव मोबाइलवर दिसतो, आणि अटींची मुदत संपली की शेअर विकून पैसे बँकेत येतात. नव्या स्टार्टअपच्या शेअरचे तसे नसते, आणि फसवणारे नेमके याच अज्ञानावर जगतात. ‘पुढच्या वर्षी बाजारात येणाऱ्या कंपनीचे शेअर आत्ताच स्वस्तात घ्या’ असा संदेश मोबाइलवर आला, तर कायदा आठवावा. खासगी मर्यादित कंपनीला अशी सार्वजनिक जाहिरात करून शेअर विकताच येत नाहीत. ती निवडक, नावानिशी ठरलेल्या लोकांनाच देऊ करू शकते, तेही एका आर्थिक वर्षात दोनशेहून जास्त जणांना नाही (कर्मचाऱ्यांच्या योजनेतले शेअर आणि काही मोठ्या संस्था यांत मोजत नाहीत). स्टार्टअपमध्ये पैसा घालणाऱ्या नोंदणीकृत फंडातून गुंतवायचे तर बाजार नियामक सेबीच्या नियमाप्रमाणे सर्वसाधारणपणे किमान एक कोटी रुपये लागतात. पाच हजार रुपये यूपीआयने पाठवून ज्या कंपनीत ‘भागीदार’ होता येते, तिचे नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. बहुतेक वेळा तेवढा शोध पुरेसा असतो.