कमांड संपली म्हणजे बॅकअप झाला?

टर्मिनलमध्ये ‘टार’ किंवा ‘आरसिंक’ची ओळ लिहिली, एंटर दाबलं आणि थोड्या वेळाने एरर न दाखवता प्रॉम्प्ट परत आला, की बॅकअप झाला असं बरेच जण धरून चालतात. कमांडने सांगितलेलं असतं ते एवढंच, की दिलेल्या ऑप्शनप्रमाणे काम पार पडलं. तुम्हाला हवा होता तो बॅकअप हाच का, हे तिला कुठून कळणार? टेपवर तर हा घोळ फार स्पष्ट दिसतो. लिनक्समध्ये पहिल्या टेप ड्राइव्हला दोन नावं असतात, एसटी० आणि एनएसटी०. ड्राइव्ह तोच, पण पहिल्या नावाने लिहिलं तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीपर्यंत गुंडाळली जाते, दुसऱ्या नावाने लिहिलं तर आहे तिथेच थांबते. एखाद्या ऑफिसच्या स्क्रिप्टमध्ये आधी हिशेबाचं फोल्डर आणि मग ईमेलचं, असे दोन टार एकापाठोपाठ एसटी०वर सोडले, तर ईमेल हिशेबांवरच लिहिले जातात. एरर एकही येत नाही. हिशेबांचा आकार मोठा होता, निदान शेपूट तरी वाचेल, ही आशाही फोल. नवं लिखाण संपतं तिथे ‘डेटा संपला’ अशी खूण पडते आणि ड्राइव्ह सहसा तिच्यापुढे वाचत नाही. उपाय सोपा आहे: एनएसटी० वापरायचं आणि लिहिण्याआधी टेप हलवणाऱ्या ‘एमटी’ कमांडला ‘ईओडी’ सांगून टेप डेटाच्या शेवटाला न्यायची.

डिस्कवर बॅकअप घेणाऱ्यांचा लाडका समज असा, की आरसिंकला छोट्या अक्षरातला ‘ए’ दिला म्हणजे सगळं आलं. सगळं येत नाही. हार्डलिंक, एसीएल आणि एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट्स यांच्यासाठी कॅपिटल एच, ए आणि एक्स वेगळे द्यावे लागतात. याहून घातक ऑप्शन ‘डिलीट’. मूळ जागी नसलेली फाइल तो प्रतीतूनही काढतो. दुपारी चुकून उडवलेलं फोल्डर रात्रीच्या आरसिंकनंतर दोन्हीकडून गेलेलं असतं. याला आरसा म्हणावं, बॅकअप नव्हे. यावर कुणी म्हणेल, की रोज नवी पूर्ण प्रत ठेवायला डिस्क कुठून आणायची? त्यासाठी ‘लिंक-डेस्ट’ आहे. न बदललेल्या फाइलींना तो कालच्या प्रतीशी हार्डलिंक करतो, त्यामुळे दर तारखेचं फोल्डर पूर्ण दिसतं पण जागा मुख्यतः बदललेल्या फाइलींनाच लागते. मात्र तीस तारखांची तीस फोल्डरं दिसली, तरी न बदललेल्या फाइलीचा डेटा डिस्कवर एकदाच असतो. तो खराब झाला की तीसही ठिकाणी खराब. म्हणून दुसरी डिस्क टळत नाही.

‘आता सगळं क्लाउडवर असतं, टेप कोण वापरतं?’ हा आक्षेप नेहमीचा. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर दोषामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांचे मेल नाहीसे झाले, तेव्हा वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या प्रतींनाही त्याची झळ बसली होती. गूगलने ते मेल परत आणले टेपवरून, कारण टेप ऑफलाइन होती आणि दोष तिथवर पोचू शकला नाही. टेप आजही विकली जाते. २०२१ मध्ये आलेल्या एलटीओ-९ टेप कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट मावतात. खोक्यावर ४५ लिहिलेलं असतं, पण तो अडीच पट कॉम्प्रेशन गृहीत धरलेला आकडा आहे. आधीच दाबलेल्या फोटो-व्हिडिओंना तो लागू नाही.

पडताळणीला वेळ जातो, हा आक्षेप खरा आहे. न पडताळण्याची किंमत कोड होस्टिंग करणाऱ्या गिटलॅबने ३१ जानेवारी २०१७ रोजी मोजली. एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली आणि मग उघड झालं की ‘पीजी-डंप’ या डेटाबेस-बॅकअपच्या कमांडचे बॅकअप तयारच होत नव्हते. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, कमांड चालत होती ९.२ची. अपयश कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर निभावलं. टारमध्ये ‘टी’ने यादी पाहणं हीसुद्धा पडताळणी नव्हे. टारची चेकसम फक्त प्रत्येक फाइलीच्या हेडरची असते, आतल्या मजकुराची नाही. न दाबलेल्या आर्काइव्हमध्ये मजकूर बिघडला तरी यादी सुरळीत येते. जीएनयू टारचा कॅपिटल ‘डब्ल्यू’ लिहून झाल्यावर ताडून पाहतो, पण कॉम्प्रेशनच्या ‘झेड’बरोबर तो चालत नाही. तिथे ‘डी’ने नंतर डिस्कशी तुलना करावी, मधल्या वेळात बदललेल्या फाइली तो दाखवणारच, तेवढ्या ओळखून सोडायच्या. आणि मधूनमधून रिकाम्या फोल्डरमध्ये पूर्ण रिस्टोअर करावं. रिकामं फोल्डर कशासाठी, तर फक्त बदल साठवणाऱ्या ‘लिस्टेड-इन्क्रिमेंटल’ ऑप्शनने घेतलेला बॅकअप त्याच ऑप्शनने उलगडताना, बॅकअपच्या वेळी ज्या डिरेक्टरीत जी फाइल नव्हती ती टार तिथून काढून टाकतो. चालू फोल्डरवर हे केलं तर कालचं काम परत आणण्याच्या नादात आजचं जातं.