चेहऱ्यावरचे भाव आणि स्वमग्नता

पाहुण्यांसमोर मूल भलतेच काही बोलू लागले की आई नुसते डोळे वटारते आणि मूल गप्प बसते. ही मूक ताकीद बहुतेक मुलांना कोणी न शिकविता कळते. काही मुलांना मात्र मोठे झालेले डोळे दिसतात, पण त्यांचा अर्थ उमगत नाही. ती बोलतच राहतात, आणि मग घरी हट्टी, शाळेत निगरगट्ट ठरून मारही खातात. अशा मुलांपैकी काही स्वमग्न असतात. त्यांच्याविषयी पालक सभासदांना व विद्यार्थ्यांना शास्त्रीय माहिती असावी, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून स्वमग्नता म्हणजे ऑटिझम वैद्यकाच्या नजरेत ठळकपणे आला. मराठी प्रतिशब्द आम्हाला तितकासा पसंत नाही. स्वतःतच गुंग, दुसऱ्याची पर्वा नसलेला असा अर्थ त्यातून निघतो, आणि गैरसमजाची सुरुवात तेथेच होते.

ही लक्षणे एकात आहेत व दुसऱ्यात मुळीच नाहीत, असेही नसते. केंब्रिजचे सायमन बॅरन-कोहेन व सहकाऱ्यांनी २००१ साली पन्नास विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत सर्वसाधारण माणसांनाही सरासरी सोळाच्या आसपास गुण मिळाले. त्याच वर्षी त्यांची डोळे वाचण्याची सुधारित चाचणीही आली. छत्तीस छायाचित्रांत केवळ डोळे दिसतात आणि चार शब्दांतून योग्य भाव निवडायचा असतो. स्वमग्न प्रौढांना तीत सरासरीने कमी गुण पडले. परंतु ही परीक्षा डोळ्यांइतकीच शब्दसंग्रहाचीही आहे. खट्टू झालेला कोण आणि हिरमुसलेला कोण, हे नुसत्या डोळ्यांवरून आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

पुढील संशोधनाने चित्र बरेच बदलले. काही माणसांना स्वतःच्या भावना ओळखणे व शब्दांत सांगणे जड जाते. छातीत धडधडते, पण ती भीती की राग हे त्यांना समजत नाही. या स्थितीला ॲलेक्सिथायमिया म्हणतात. ती सुमारे निम्म्या स्वमग्न व्यक्तींत आढळते, आणि स्वमग्न नसलेल्या काहींतही असते. २०१३ साली रिचर्ड कुक, जेफ्री बर्ड आदींनी दाखविले की चेहऱ्यावरील भाव ओळखण्यातील अडचण स्वमग्नतेपेक्षा या स्थितीशी निगडित आहे. म्हणजे प्रत्येक स्वमग्न मुलाला चेहरा वाचता येत नाही, हे विधानच टिकत नाही.

शिवाय दोष एकाच बाजूला का धरावा? स्वतः स्वमग्न असलेले इंग्लंडमधील अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडले की न समजणे दोन्हीकडून असते. स्वमग्न मुलाचा चेहरा आपल्यालाही वाचता येत नाही. तो निर्विकार दिसला की त्याला काही वाटतच नाही, असे आपण खुशाल ठरवितो. रागावलेल्या आईचे डोळे न कळलेले हेच मूल, आई रडते आहे असे कोणी सांगताच कासावीस होऊ शकते.

म्हणून घरी व वर्गात भाव शब्दांत सांगावा: "मी रागावले आहे, कारण तू मध्येच बोललास." डोळ्यांत बघ, असा आग्रह धरू नये, अनेकांना नजर भिडविणे त्रासदायक होते व ऐकण्यातले लक्षही उडते. केवळ चेहरा वाचता येत नाही यावरून कोणाला स्वमग्न ठरवू नये. मुलाची दृष्टी व श्रवणशक्ती आधी तपासून घ्यावी आणि निदान तज्ज्ञांवर सोपवावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश असल्याने, निदानानंतर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.