हँडल किती उंच हवं?
सायकलवर मनगटं बधिर होत असतील, मान अवघडत असेल, तर आधी सीटची उंची ठरवा. हँडलची पाळी नंतर. रोजच्या वापराला हँडल सीटच्या पातळीत किंवा किंचित वर बरं. शर्यतवाल्यांची वाकलेली बैठक आपल्याला कशाला? जुन्या पद्धतीच्या सायकलीत हँडलच्या दांड्यावरचा बोल्ट थोडा सैल करून, त्यावर लाकूड ठेवून हलकेच ठोकलं की आतली पाचर सुटते आणि दांडा वर सरकतो. मात्र दांड्यावर कोरलेली मर्यादेची खूण बाहेर दिसता कामा नये. नाहीतर दांडा मोडू शकतो. नव्या सायकलींत बहुधा ही सोय नसते, हँडल धरणारा, वर वळलेला दांडा (स्टेम) बसवावा लागतो. शेवटी हँडल वळवून ब्रेकच्या केबल ताणल्या जात नाहीत ना, हे तपासा.