शेंगदाण्याचं तेल आणि कुष्ठाचा जंतू

ऊतकांना रंग देऊन रोग ओळखणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या संशोधनाचं वजन कशावरून ठरवायचं, हा विषय संपादकांनी दिला, आणि तो रायपूरच्या संदर्भात लिहा म्हणाले. हल्ली या प्रश्नाला एक सोपं उत्तर असतं: त्याच्या शोधनिबंधांचा दाखला इतरांनी किती वेळा दिला, ते मोजायचं. असे दाखले नोंदवणारी युजीन गारफील्ड यांची संदर्भसूची 1964 साली निघाली, दाखल्यांवरूनच काढला जाणारा हिर्श यांचा एच-निर्देशांक 2005 साली आला, आणि आता वैद्यकीय महाविद्यालयांतल्या बढत्यांनाही शोधनिबंध लागतात. रायपुरात सरकारी मेडिकल कॉलेज 1963 पासून आहे, एम्स 2012 पासून. पण अभ्यासाला बसलो आणि मी अडकलो तो एका तेलात.

छत्तीसगडात कुष्ठरोग अजून गेलेला नाही. डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर त्याचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं, पण या राज्यात ते पुढेही अनेक वर्षं त्या रेषेच्या वरच राहिलं. रुग्णाच्या त्वचेचा तुकडा फॉर्मॅलिनमधून, मग अल्कोहोलमधून जातो, मेणात बसतो आणि मायक्रोटोमवर त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप निघतात. रंग देण्याआधी मेण काढायचं असतं आणि ते काम झायलीनचं. इथेच घोळ होतो. कुष्ठाच्या जंतूचं मेदयुक्त आवरण क्षयाच्या जंतूपेक्षा नाजूक. झायलीन ते दुबळं करतं, मग तीव्र आम्लाने जंतूचा लाल रंगही धुऊन निघतो. जंतू तिथेच असतो, फक्त दिसत नाही.

यावर अमेरिकेतल्या जॉर्ज फाइट यांनी मांडलेला तोडगा असा: झायलीनमध्ये शेंगदाण्याचं तेल मिसळायचं. तेल आवरणाला सांभाळून घेतं. मग कार्बोल फुक्सिन, सौम्य गंधकाम्ल, शेवटी मेथिलीन ब्लू. नेहमीप्रमाणे पुन्हा अल्कोहोलमधून काढायचं नाही. काप टिपकागदाने टिपून हवेत वाळवायचा. शेजारी जंतू असल्याची खात्री असलेली दुसरी स्लाइड ठेवायची, म्हणजे रंग बिघडला तर कळतं. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसल्या की निदान पक्कं. हे तंत्र फाइट-फराको या नावाने जगभर चालतं. पण रुग्णाच्या अहवालात येतं ते तंत्राचं नाव. मूळ निबंधाचा दाखला त्यात कोणी देत नाही. असे अहवाल कुठल्याच संदर्भसूचीत चढत नाहीत.

मराठी वाचकांनी या संदर्भात एका पॅथॉलॉजिस्टचं नाव ओळखायला हवं: डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म 1895, क्वेट्टा, शिक्षण लंडनला, 1941 साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख, 1952 च्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक. कुष्ठाच्या अगदी सुरुवातीच्या डागांचे काप रंगवून त्यांनी त्वचेतल्या मज्जातंतूंत जंतू दाखवले. 1951 साली त्यावर त्यांचा अहवाल आला. जंतू मज्जातंतूच्या अक्षतंतूतून वर सरकतो, असं त्यांचं मत होतं. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचं मुख्य घर अक्षतंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशी असल्याचं दाखवलं. मत दुरुस्त झालं, पण कुष्ठ म्हणजे आधी मज्जातंतूचा रोग, ही दिशा टिकली.

तंबाखूवरचं त्यांचं काम तर रायपुरात रोज आठवावं असं. खैनी, उलटा (पेटतं टोक तोंडात धरून ओढलेला) चुट्टा आणि घट्ट नेसलेलं धोतर या सवयींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार त्यांनी 1945 साली सहलेखिकेसह मांडले. 1955 साली संघवी आणि राव यांच्यासह ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू चघळणं, ओढणं आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. छत्तीसगडात आजही तंबाखूचा गुडाखू दातांवर घासला जातो. या निबंधांचे दाखले मोजता येतील; त्यांच्यामुळे सुटलेली तंबाखू कोण मोजणार?

माझी काळजी पुढची आहे. कुष्ठाचं निदान आता बहुतेक वेळा लक्षणांवरून होतं. त्यामुळे स्लाइडवर जंतू शोधण्याचा सराव कमी होत चालला आहे. ज्या रुग्णात जंतू मोजकेच असतात, तिथे काप कसा कापला, आम्ल किती वेळ ठेवलं, नजर किती वेळ फिरवली, यावर सगळं ठरतं. ही कला वर्षानुवर्षं शेजारी उभं राहूनच शिकावी लागते. पण तंत्रज्ञाचं नाव निबंधावर क्वचितच येतं, आणि कनिष्ठाला रंग देणं शिकवणाऱ्या अध्यापकाला त्याचे गुण मिळत नाहीत. जे मोजलं जात नाही त्याला जागा मिळत नाही, नवी माणसं मिळत नाहीत. निबंध वाढतील, आणि मोजकेच जंतू असलेल्या कापात ते ओळखणारी नजर विरळ होईल.

म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांना विनंती आहे: बढतीच्या कागदावर निबंधांच्या शेजारी एक रकाना ठेवा. रंगकाम कोणाला शिकवलं आणि किती अवघड निदानं स्लाइडवर पक्की केली, हे त्यात लिहू द्या. आणि वाचकहो, अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठाची औषधं तिथे मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो.